घरगुती प्रोजेक्टरची पेटी लहान करायची असेल तर वाटेला वळण देऊ नका

सर, तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही वाळवा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता. सात इंची १२८० × ८०० पिक्सेलचं एलसीडी पॅनल, १०० वॅटचा सीओबी एलईडी (एकाच तुकड्यावर अनेक चिप बसवलेला दिवा), १२० आणि २४० मिलिमीटर फोकल लांबीच्या दोन फ्रेनेल (गोल खाचांच्या चपट्या प्लॅस्टिक लेन्स, १२० ची पॅनलच्या मागे आणि २४० ची पुढे) आणि चित्र भिंतीवर टाकणारी २४० मिलिमीटरची ट्रिप्लेट, म्हणजे तीन काचांची लेन्स, एवढ्या सामानात तुम्ही टेबलावर प्रोजेक्टर उघडाच जुळवला आहे आणि भिंतीवर चित्र व्यवस्थित येतंय. आता मोटरसायकलवरून वाड्या-वस्त्यांवरच्या शाळांत नेता येईल अशी आटोपशीर पेटी हवी आहे. मध्ये आरसा टाकून प्रकाशाची वाट एल आकारात वळवली तर पेटी निम्मी होईल का, असं विचारलंय आणि तसं रेखाटनही पाठवलंय.

निम्मी होणार नाही. उलट किंचित वाढेल.

तुमच्या पॅनलचा दिसणारा भाग साधारण १५१ × ९४ मिलिमीटर. त्यावरून भिंतीवर ६० इंची चित्र पाडायचं तर ते ८.६ पट मोठं करावं लागतं. लेन्सचं शाळेतलंच सूत्र लावा. पॅनल ते लेन्स २६८ मिलिमीटर आणि लेन्स ते भिंत २.३ मीटर येतं. ८० इंचाला हेच आकडे २६१ मिलिमीटर आणि जवळपास ३ मीटर होतात, १०० इंचाला २५७ मिलिमीटर आणि ३.७ मीटरच्या आत-बाहेर. म्हणजे चित्र केवढंही पाडा, पॅनल आणि लेन्सच्या मध्ये पाव मीटरभर पोकळी राहणारच. ती कमी करायची तर लेन्सच कमी फोकल लांबीची हवी, आणि सात इंची पॅनल कोपऱ्यापर्यंत स्वच्छ उमटवणारी तशी लेन्स सहजासहजी मिळत नाही.

आता पेटीची लांबी मोजू. मागचा फॅन आणि हीटसिंक (एलईडीची उष्णता ओढून घेणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) मिळून ११५ मिलिमीटर, एलईडी ते पहिली फ्रेनेल १००, फ्रेनेल ते पॅनल १५, पॅनल ते लेन्स २६८. बेरीज ४९८, म्हणजे ५० सेंटिमीटर धरा. रुंदी २० आणि उंची १६ ठेवली तर सरळ पेटीचं आकारमान १६ लिटर होतं. एल आकारात आरसा पॅनलपासून १३० मिलिमीटरवर येईल. त्या जागी प्रकाशाचा झोत अजून ११५ मिलिमीटर रुंद असतो, त्यामुळे ४५ अंशांत तिरका बसणारा आरसा जवळजवळ १८० लांबीचा लागतो आणि त्याच्या मागच्या टोकालाही जागा द्यावी लागते. लांबी ४३ सेंटिमीटरवर येते, पण लेन्सचा आडवा पाय धरून रुंदी २४ होते. ४३ × २४ × १६ केलं की साडेसोळा लिटर. शिवाय एल आकार चौकोनी पेटीत बसवला की एक कोपरा रिकामा राहतो. त्यात वायरिंग कोंबता येईल, हे खरं, पण तेवढ्यासाठी आरशाची कटकट कशाला अंगावर घ्यायची?

आणि कटकट छोटी नाही. घरातल्या आरशाची कलई काचेच्या पाठीला असते, म्हणून काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरूनही एक फिकट चित्र परावर्तित होतं आणि पडद्यावर प्रत्येक अक्षराला सावली दिसते. त्यासाठी पुढच्या बाजूला कलई असलेला आरसा लागतो. तो बोट लागलं तरी खराब होतो. आरसा एक अंशाने हलला की किरण दोन अंशांनी वळतो, म्हणजे २.३ मीटरवर चित्र ८ सेंटिमीटर सरकतं. तुमच्याकडच्या रस्त्यावरचे गतिरोधक मला माहीत आहेत. त्यातून चित्र डावं-उजवं उलटं होतं ते वेगळंच. नुसती लेन्स असेल तर पॅनल १८० अंशांत फिरवून उलटं बसवलं की काम भागतं. आरसा आला की पॅनल चालवणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये चित्र उलटवण्याची सोय आहे का, ते शोधत बसावं लागतं. पॅनल १५ इंची असतं आणि सरळ पेटी मीटरभराच्या घरात गेली असती तर मीही आरसाच सुचवला असता. सात इंचाला नको.

तर मग आटोपशीर कशी करायची? पेटीतला अर्धा भाग निव्वळ रिकामी हवा आहे आणि त्या हवेची गरज फक्त प्रोजेक्टर चालू असताना आहे. मोटरसायकलवर ती वाहून नेण्याचं कारण नाही. म्हणून पुढचा भाग काडेपेटीसारखा सरकता करा. पाठीमागचं मुख्य खोकं पॅनलच्या पुढच्या फ्रेनेलपासून १४० मिलिमीटर पुढे येऊन थांबेल. त्यावर बाहेरून बसणारी १५५ मिलिमीटर लांबीची बाही करायची आणि तिच्या पुढच्या ताटलीत लेन्स. वापरताना बाही सव्वाअकरा सेंटिमीटर बाहेर ओढायची, नेताना मागे ढकलायची. लेन्सचा आतला अर्धा भाग तेव्हा रिकाम्या खोक्यात शिरतो. पन्नासची पेटी साडेअडतीसवर येते, एवढी तर दप्तरातही मावेल.

बाही सरकती ठेवण्यात एकच खरी अडचण आहे, ती म्हणजे बाहीचं पुढे झुकणं. लेन्स जड असते. बाहेर ओढल्यावर बाहीचा फक्त ४० मिलिमीटर भाग खोक्यावर टेकलेला असतो. त्यात एक मिलिमीटर ढिलाई असली तरी लेन्स जवळपास दीड अंश खाली मान टाकते आणि पडद्यावर वरची ओळ धारदार, खालची धूसर अशी गंमत होते. चारही बाजूंनी फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं कापड) लावून हे सुटत नाही, कारण फेल्ट दबतं. बाहीच्या आत, वरच्या पत्र्याला पुढच्या टोकाशी नव्हे तर खोक्यावर टेकणाऱ्या भागात, दीड मिलिमीटरच्या दोन ॲल्युमिनियम पट्ट्या लांबीच्या दिशेने रिव्हेट करा. वजनाने बाही खाली बसते ती याच पट्ट्यांवर, धातूवर धातू. खालून आणि दोन्ही बाजूंनी मात्र दोन मिलिमीटरचं फेल्ट चिकटवा. खालच्या फेल्टने बाही वर उचलली जाऊ नये एवढंच काम करायचं आणि मागच्या टोकाला ती दाबून धरायची. बाहेर ओढल्यावर दोन्ही बाजूंना चिमटीने फिरवायचे एकेक एम-४ स्क्रू आवळले की लेन्स हलत नाही. स्क्रूंसाठी बाहीत २५ मिलिमीटरची लांबट भोकं पाडा. ६० ते १०० इंचाच्या चित्रांमध्ये लेन्सला फक्त ११ मिलिमीटर पुढे-मागे व्हावं लागतं, तेवढी मोकळीक त्यात आली. ढोबळ फोकस बाहीने, बारीक फोकस लेन्सच्या स्वतःच्या आट्यांनी.

लेन्सवर लिहिलेल्या २४० या आकड्यावर मात्र विश्वास ठेवू नका. पत्रा कापायच्या आधी दिवसा वर्गाच्या आतल्या भिंतीवर पांढरा कागद लावा, खिडकीतून लांबचं झाड किंवा मोबाइल टॉवर त्यावर उमटवा आणि मधल्या काचेपासून कागदापर्यंतचं अंतर मोजा. तुमच्या लेन्सची फोकल लांबी ती. पाच-सात मिलिमीटरचा फरक सहज निघतो, आणि वरचे सगळे आकडे त्याच प्रमाणात बदलतात.

आता उष्णता. पेटी लहान करताना सगळ्यात जास्त विचार इथे करायचा. १०० वॅटचा एलईडी तुम्ही ७० वॅटवर चालवा. आयुष्य वाढतं आणि डोळ्यांना फरक फारसा कळत नाही. या ७० पैकी साधारण ४५ वॅट थेट हीटसिंकमध्ये उष्णता होऊन जातात. उरलेले पंचवीसेक प्रकाश होऊन बाहेर पडतात, त्यातला निम्माअर्धा फ्रेनेल पकडते आणि पॅनलवर टाकते. रंगीत एलसीडी पॅनल आलेल्या प्रकाशातला पाच-सात टक्केच पुढे सोडतं. बाकीचा पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा प्रकाश सोडणारी फिल्म) आणि रंगांचे फिल्टर गिळतात. म्हणजे त्या कागदासारख्या पातळ पॅनलमध्ये १० वॅटच्या आसपास उष्णता मुरते. एलईडी ८० अंशांनाही कुरकुर करत नाही, पॅनल मात्र साठी ओलांडून फार तापलं की आतलं लिक्विड क्रिस्टल आपला क्रम सोडतं आणि चित्राच्या मधोमध काळा डाग पसरायला लागतो. तसं दिसलं की एलईडी ताबडतोब बंद, फॅन चालू. वेळेत थांबलात तर गार झाल्यावर डाग जातो. पोलरायझरच करपला तर तो पिवळा-तपकिरी पट्टा कायमचा.

सांगलीकडे एप्रिल-मेमध्ये वर्गात ४० अंश असतात. पॅनलला ५५ च्या आत ठेवायचं तर हातात फक्त १५ अंशांचा वाव उरतो. त्यामुळे हीटसिंकवरून आलेली गरम हवा पॅनलच्या वाटेला जाताच कामा नये. बाजारातल्या स्वस्त प्रोजेक्टरमध्ये एकाच पोकळीत सगळं असतं आणि एकच फॅन सगळ्यांची सेवा करतो. तुम्ही पेटीत आडवी भिंत घालून दोन खोल्या करा. मागच्या खोलीत हीटसिंक, त्याचा फॅन आणि एलईडीला करंट पुरवणारा ड्रायव्हर बोर्ड. भिंतीला चौकोनी खिडकी, तिच्यातून फक्त एलईडीचं तोंड पुढे डोकावेल. पुढच्या खोलीत फ्रेनेल, पॅनल, लेन्स. मागच्या खोलीची हवा पुढे येणार नाही, पुढची मागे जाणार नाही.

मागच्या खोलीचं गणित सोपं आहे. एक लिटर हवा एक अंशाने तापवायला साधारण १.२ जूल लागतात. ४५ वॅट आणि ड्रायव्हरचे सात-आठ धरून ५३ वॅट बाहेर काढायचे आणि हवा ८ अंशांपेक्षा जास्त तापू द्यायची नाही, तर सेकंदाला साडेपाच लिटर हवा हवी. फॅनच्या भाषेत १२ सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास. १२० मिलिमीटरचा संगणकाचा फॅन मोकळ्या हवेत याच्या तिप्पट-चौपट देतो, पण जाळी आणि हीटसिंकच्या पात्यांतून जाताना निम्म्यावर येतो. तरी पुरून उरतो. म्हणून तो १२ व्होल्टवर न चालवता ८ वर चालवा, आवाज एकदम उतरतो. पोरांना मागच्या बाकावर निवेदन ऐकू यायला हवं असेल तर हा मुद्दा प्रकाशापेक्षाही मोठा आहे. पातळ ८० मिलिमीटरचा फॅन लावून पेटी दोन सेंटिमीटर बुटकी करण्याचा मोह टाळा, तो तेवढीच हवा द्यायला शिट्टी वाजवतो. १२० मिलिमीटरचा फॅन १६ सेंटिमीटरच्या उंचीत बसतो, हे मीही उंची ठरवताना धरलेलं आहे.

पॅनलच्या खोलीत ब्लोअर लागतो, पसरट गोगलगाईच्या आकाराचा, ७५ मिलिमीटरचा. १० वॅट उचलायला हवा कमीच पुरते, सेकंदाला दोनेक लिटर. पण ती पॅनलला घासून गेली पाहिजे. खोलीत नुसती घुसळून काही उपयोग नाही. पॅनल आणि दोन्ही फ्रेनेल यांच्यामध्ये १५-१५ मिलिमीटरच्या फटी ठेवायच्या त्या यासाठीच. ब्लोअरचं तोंड खालून या दोन्ही फटींत हवा सोडेल अशी पुठ्ठ्याची किंवा पत्र्याची छोटी नळी करा आणि वरच्या बाजूला तेवढीच लांब फट बाहेर जायला ठेवा. फट १० पेक्षा कमी करू नका. हवा अडते, आणि दुसरं म्हणजे फ्रेनेलच्या गोल रेषा पॅनलच्या फार जवळ आल्या की पडद्यावर उमटायला लागतात. दोन्ही फ्रेनेलच्या खाचांची बाजू पॅनलकडे, गुळगुळीत बाजू बाहेर. हे तुम्ही केलंच असेल, पण पेटीत बसवताना हमखास एखादी उलटी जाते.

ब्लोअर हवा आत ढकलणारा ठेवा, बाहेर ओढणारा नको. कारण धूळ. ओढणारा फॅन प्रत्येक सांध्यातून, बाहीच्या फेल्टमधूनही धूळ आत घेतो. ढकलणारा असला की आत थोडा दाब राहतो आणि फटींतून हवा बाहेरच जाते, मग धूळ अडवायची जागा एकच, ब्लोअरचं तोंड. तिथे एसीच्या फिल्टरची जाळी आणि तिच्या आत पातळ स्पंजचा तुकडा, बाहेरून काढता येईल असा. तुमच्याकडे गळीत हंगामात शेतात पाचट पेटवलं की काळी राख कशी घराघरात येते ते तुम्हाला सांगायला नको. त्यातला एक कण पॅनलवर बसला तर पडद्यावर तो हरभऱ्याएवढा दिसतो. नोव्हेंबर ते मार्च दर आठवड्याला स्पंज धुवा. मागच्या खोलीला फिल्टर लावू नका. तिथल्या धुळीने चित्र बिघडत नाही आणि फिल्टरने हवा मात्र अडते. वर्षातून एकदा ब्रश मारला की झालं.

एलईडीपासून पहिल्या फ्रेनेलचं अंतर कमी करून लांबी वाचवता येईल का, हेही तुमच्या मनात असेल. ४४ मिलिमीटर व्यासाची जाड काचेची लेन्स एलईडीच्या तोंडावर लावली की ते अंतर ७०-८० वर आणता येतं आणि प्रकाशही जास्त पकडला जातो. पण दोन फ्रेनेल मिळून एलईडीच्या चौकोनाचं चित्र ट्रिप्लेटच्या तोंडावर पाडतात. मागचं अंतर १२० आणि पुढचं २४० असेल तर २० मिलिमीटरचा चौकोन ४० चा होतो आणि ८० मिलिमीटर व्यासाच्या ट्रिप्लेटमधून आरामात पार होतो. मागचं अंतर ८० वर आणलं की तोच चौकोन ६० चा, त्याचा कर्ण ८५. कोपरे लेन्सच्या कडेवर आपटतात आणि तेवढा प्रकाश पेटीतच फिरत राहतो. म्हणून वरच्या हिशेबात मी १०० धरलं आहे. खात्री करायची असेल तर लेन्सच्या जागी पांढरा कागद धरा. त्यावर पिवळसर चौकोन दिसेल. तो लेन्सच्या वर्तुळात मावेपर्यंत एलईडी पुढे-मागे करा, मग स्क्रू आवळा. असा चालू एलईडी उघड्या डोळ्यांनी बघू नका आणि आसपास पोरं असतील तर हे काम शाळा सुटल्यावर करा.

पेटीचा कणा म्हणजे तळाची पट्टी. हे माझं ठाम मत आहे: खोकं आधी करून आत भाग बसवू नका, आधी कणा करा. २ मिलिमीटर ॲल्युमिनियमची एक पट्टी, तिच्यावर एल अँगलचे उभे पाय, प्रत्येक पायाला लांबट भोकं. त्यावर सगळं जुळवून, चित्र पाहून, आवळून झालं की वरून पत्र्याचं टोपण घालायचं. टोपणाने फक्त प्रकाश आणि धूळ अडवायची, भार घ्यायचा नाही. पॅनल आणि लेन्स समांतर असणं किती महत्त्वाचं, त्याचा आकडा सांगतो. तुमच्या पॅनलचा एक पिक्सेल ०.१२ मिलिमीटरचा आणि लेन्स एफ-३ ची (फोकल लांबी व्यासाच्या तिप्पट), तर फोकसला पुढे-मागे जेमतेम ०.३५ मिलिमीटरची सूट मिळते. पॅनलची डावी कड उजवीपेक्षा एक मिलिमीटर पुढे असली तर एका बाजूची अक्षरं कधीच स्वच्छ होणार नाहीत. म्हणून पॅनलच्या चौकटीला चार कोपऱ्यांत चार स्क्रू आणि त्यांच्या मागे पातळ वॉशर घालायची सोय ठेवा. बारीक अक्षरांचं पान उघडून चारही कोपरे बघा, जिथे धूसर दिसेल तिथे वॉशर वाढवा किंवा काढा.

फ्रेनेल ॲक्रिलिकच्या असतात. १७० मिलिमीटरची शीट ३० अंश तापली की तिसरा हिस्सा मिलिमीटर वाढते. चारही बाजूंनी स्क्रूने आवळली तर वाढायला जागा नसते, मग ती फुगते आणि चित्राचा मध्य आणि कडा एकावेळी फोकस होत नाहीत. तिला खाचेत मोकळी उभी ठेवा, कडेला एक मिलिमीटर सोडून. खडखडू नये म्हणून वरच्या बाजूला स्पंजचा छोटा तुकडा पुरे.

वर्गातल्या टेबलावर प्रोजेक्टर ठेवला की चित्राचा खालचा भाग टेबलाच्या पातळीखाली जातो. मग लोक पेटीच्या पुढच्या पायाखाली वही सरकवतात आणि चित्राचा पतंग होतो. त्यावर सोपा उपाय पेटीतच करता येतो. लेन्स पॅनलच्या मध्यापासून २५ मिलिमीटर वर बसवा. ६० इंची चित्र त्यामुळे २४ सेंटिमीटर वर उचललं जातं आणि चौकोन चौकोनच राहतो. फक्त पॅनलच्या पुढची फ्रेनेलही तेवढीच वर सरकली पाहिजे, नाहीतर प्रकाश लेन्सच्या जुन्या जागेवरच जाऊन पडेल. फ्रेनेल मोठी असेल तर ती कापतानाच तिच्या गोल रेषांचा मध्य तुकड्याच्या मध्यापेक्षा २५ मिलिमीटर वर येईल अशी कापा, म्हणजे खोकं वाढवावं लागत नाही. २५ च्या पुढे मात्र जाऊ नका. पॅनलचे खालचे कोपरे लेन्सच्या अक्षापासून फार लांब पडतात आणि ट्रिप्लेट तिथे कच्ची पडते.

पत्र्याबद्दल. प्लाय आणि एमडीएफ सोपं वाटतं, पण सहा मिलिमीटरच्या भिंतींनी दोन्ही बाजू मिळून बारा मिलिमीटर खातात आणि उष्णता आत धरून ठेवतात. दुकानांच्या पाट्यांना लावतात ती एसीपी शीट हलकी आणि देखणी असते, पण तिच्या पोटात प्लॅस्टिक असतं. एलईडीच्या खोलीला ती अजिबात नको. तुमच्यासाठी १ मिलिमीटर ॲल्युमिनियम उत्तम. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत लेसर कटिंग आणि बेंडिंग करून देणारी वर्कशॉप्स आहेत. एकट्यादुकट्या पेटीसाठी ते कुरकुरतात, तेव्हा त्यांच्या उरलेल्या तुकड्यांत बसेल असं माप दिलं की काम होतं. ड्रॉइंग देताना बाही आणि खोक्याची मापं आतली की बाहेरची, हे ठळक लिहा. बाही खोक्यावर न बसण्याचं कारण नेहमी तेच असतं. आणि आधी सगळं पुठ्ठ्यात कापून, चिकटवून, लेन्स आत घालून बघा. पुठ्ठा फुकट असतो.

आतून रंग म्हणून महागडा मॅट स्प्रे आणायची गरज नाही. शाळेच्या फळ्याला देतात तो काळा रंग चमकत नाही आणि तुमच्याकडे डबा पडलेलाच असेल. फक्त रंग दिल्यावर चार-पाच दिवस उन्हात ठेवून वास पूर्ण जाऊ द्या, मगच फ्रेनेल आणि पॅनल बसवा. ओला रंग बंद पेटीत तापला की त्याची वाफ लेन्सवर धूसर थर धरते. बाहीच्या आत, जिथे झोताच्या कडा घासून जातात, तिथे काळी मखमल चिकटवली तर काळा रंग पडद्यावर खरंच काळा दिसायला लागतो. हवा बाहेर जाणाऱ्या फटींतून प्रकाशही बाहेर येतो. फटीच्या आत दोन सेंटिमीटरवर एक आडवी पट्टी अशी लावा की हवा वळसा घालून जाईल आणि प्रकाश सरळ अडेल. एवढ्या पॅनलमधून आणि लेन्समधून तुमच्या हाती शेवटी दीडशे ल्युमेनच्या आसपासच येणार आहेत, त्यामुळे छतावर सांडलेला थोडासा प्रकाशही चित्र फिकं करतो. याच कारणाने ८०-१०० इंचाचा हट्ट धरू नका. ६० इंच आणि खिडक्यांना चादरी, हे चांगलं जमतं.

वीज. २३० व्होल्ट पेटीत आणूच नका. १९.५ व्होल्टचा १२० वॅटचा लॅपटॉपचा अडॅप्टर बाहेर ठेवा, पेटीत फक्त डीसी येऊ द्या. पोरांच्या हाताशी असणाऱ्या पत्र्याच्या पेटीत मेन्स नसणं हे मला कितीही सेंटिमीटरपेक्षा जास्त मोलाचं वाटतं, आणि अडॅप्टरची स्वतःची उष्णताही बाहेरच राहते. आत एलईडीसाठी व्होल्टेज वाढवून करंट बांधून देणारा बूस्ट ड्रायव्हर, तो मागच्या खोलीत हीटसिंकच्या वाऱ्यात. एकूण पाच अँपिअरच्या घरात जातं, म्हणून साधा गोल डीसी जॅक नको, तो गरम होतो. आट्यांचा जीएक्स-१६ कनेक्टर लावा, वायर ओढली गेली तरी निघत नाही. फ्यूज ७ अँपिअरचा. हीटसिंकवर ७० अंशांना वीज तोडणारा थर्मोस्टॅट स्विच चिकटवून तो फक्त ड्रायव्हरच्या वायरीत घ्या, फॅनच्या नाही. एलईडीला वेगळा स्विच, फॅनला वेगळा, म्हणजे तास संपल्यावर आधी उजेड बंद करून दोन मिनिटं वारा चालू ठेवता येतो. त्याआधी बाही मागे ढकलायची नाही, हे पेटीवरच लिहून ठेवा. शिपाईमामा घाईत असतात.

पॅनलचा बोर्ड खोक्याच्या पुढच्या भागात, डाव्या भिंतीला उभा लावा. झोत पुढे जाताना अरुंद होत जातो, म्हणून तिथे भिंत आणि झोत यांच्यामध्ये दोन-तीन सेंटिमीटर फुकट मिळतात. पॅनलपासून बोर्डाला येणारी चपटी रिबन केबल किती लांब आहे ते बघून जागा ठरवा, तिला धारदार घडी पडू देऊ नका आणि पत्र्याच्या कडेवरून जात असेल तर कडेला कापडी टेप लावा. एचडीएमआयचं भोक मुख्य खोक्यात ठेवा, बाहीत नको, नाहीतर दर वेळी सरकवताना केबल अडकेल.

सगळं बांधून झालं की टोपण घालून, ब्लोअरवर फिल्टर लावून, दुपारी दोनच्या सुमारास तासभर चालवा आणि तापमान मोजा. मल्टिमीटरसोबत मिळणारा थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) पॅनलच्या काचेला मधोमध उष्णता सोसणाऱ्या कापटॉन टेपने चिकटवा, पडद्यावर त्याची सावली दिसेल ती दिसू दे. खोलीपेक्षा १५ अंशांहून जास्त चढलं तर एलईडीचा करंट कमी करायच्या आधी ब्लोअरची नळी तपासा, बहुतेक वेळा ती फटीच्या एका टोकालाच वारा देत असते. तापमान आणि खोलीचा आकडा दोन्ही कळवा, तेव्हा करंट किती ठेवायचा ते सांगतो.